हार घातलात, आता पुस्तक उघडा



१ ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेतून बातमी आली. मॅकआर्थर फेलोशिप. लोक तिला 'जीनियस ग्रँट' म्हणतात. आठ लाख डॉलर. त्या वर्षीच्या बावीस नावांत एक नाव शैलजा पाईक. येरवड्याच्या झोपडपट्टीत, एका खोलीत, बहिणींच्या गर्दीत वाढलेली पोरगी. आज सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाची प्राध्यापक. हा मान मिळवणारी पहिली दलित व्यक्ती. दिवस मावळायच्या आत आपले सगळ्यांचे मोबाईल निळे झाले. 'जय भीम ताई', 'बाबासाहेबांची लेक', 'समाजाचा अभिमान'. एकाने फोटोला हार घातला, दुसऱ्याने त्या हाराचा फोटो काढला.

आनंद मलाही झाला. का होऊ नये? आपल्या माणसाचं नाव पोलिस केसमध्ये येतं, मोर्चाच्या बातमीत येतं, बळीच्या यादीत येतं. विद्वानांच्या यादीत आलं तर नाचावंच.

पण मला एक विचारायचंय. ही बाई लिहिते काय, हे तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं? मी आमच्या अभ्यासवर्गातल्या दहा पोरांना विचारलं. सात जण म्हणाले, 'जातीवर लिहिते.' दोघं म्हणाले, 'आंबेडकरांवर लिहिते.' दहावा हुशार. म्हणाला, 'आपल्यावरच लिहिते की.'

बरोबर आहे भावा. आपल्यावरच लिहिते. पण तुला वाटतं तेवढंच लिहीत नाही.

तिचं पहिलं पुस्तक २०१४ ला आलं. विषय आधुनिक भारतातलं दलित स्त्रियांचं शिक्षण. मथळ्याच्या शेपटाला दोन शब्द, दुहेरी भेदभाव. पुण्या-मुंबईतल्या आपल्याच बाया. काही वस्तीतल्या, काही वस्तीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या. आजी, आई, लेक. त्यांच्यासमोर बसून तिने विचारलं, बाई, तू शिकलीस कशी? सरकारी कागदात हा प्रश्न नसतो. कागद विचारतो, किती शिकलीस? कशी शिकलीस हे विचारलं की बाई दोन तास बोलते आणि मधेच पदर डोळ्याला लावते.

त्या बोलण्यातून काय निघतं? शाळेचं दार उघडलं पण बाकड्यावरची जागा उघडली नाही. मास्तरची नजर, बाईंचा टोमणा, 'तुमच्यात कोण शिकलंय?' हा सवाल. घरी अभ्यास सांगायला कोणी नाही, कारण घरातली ही पहिलीच. आडनाव सांगताना जीभ अडखळते. 'शुद्ध' बोलायला शिकावं लागतं, कारण आपली बोली तोंडातून निघाली की जात पायात पडते. इथपर्यंत तुम्ही मान डोलावता. हे तुमचंही दुखणं आहे. प्रस्थापितांना चार शिव्या घालता येतात आणि छाती फुगते.

पण पान उलटलं की दुसरा भाग सुरू होतो. पाणी भरायला पोरगी. धाकट्याला सांभाळायला पोरगी. परीक्षा तिची असली तरी भाकरी तिनेच थापायची. वस्तीतून कॉलेजला जाताना टपरीवरच्या आपल्याच पोरांच्या नजरा. शिकली तर लग्नाला अडचण. नोकरी लागली तर पगार नवऱ्याच्या हातात आणि स्वयंपाक तिच्या हातात. हा भाग वाचताना मान डोलत नाही, खाली जाते. म्हणून आपण तो वाचत नाही. दुहेरी भेदभावातला एक पदर बामणाचा, दुसरा आपल्या घरातला. आपण एकेरी वाचतो.

म्हणून हे लिहिते आहे.

मी सोलापूरची. आई विड्या वळायची. सूप मांडीवर, पानांचा ढीग एका बाजूला, माझं पुस्तक दुसऱ्या बाजूला. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय दिवस संपायचा नाही. तिचा नाही आणि माझाही नाही. त्यातून मी एम.ए. झाले. ज्या कॉलेजात शिकले तिथे स्कॉलरशिपवाल्यांची नावं भर वर्गात वाचायचे. उभं राहायचं, फॉर्म घ्यायचा, बसायचं. क्लार्क म्हणायचा, 'तुम्हाला काय, फुकटच.' पोरं त्याला उलटून बोलायची. मी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी घरी निरोप गेला असता की पोरगी उर्मट आहे, आणि कॉलेज बंद झालं असतं. क्लार्क एकच, शब्द एकच. भावाला त्याचा राग आला आणि मला भीती वाटली. जात दोघांना भेटली, पण सारखी भेटली नाही.

आता थोडा इतिहास. आपल्याच गावाचा.

२० जुलै १९२४ ला बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेने पहिल्या कामांत जे हाती घेतलं ते कुठं? सोलापुरात. ४ जानेवारी १९२५ ला इथं हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं, सगळं सभेकडून. सोलापूरच्या नगरपालिकेने चाळीस रुपये मदत दिली. त्या पोरांनी मासिक काढलं. नाव काय ठेवलं? 'सरस्वती विलास'.

शंभर वर्षं होऊन गेली. सोलापूरकरांनी या वसतिगृहाची आठवण छातीवर मिरवली पाहिजे. उपाशी बापांची पोरं इथं पोटभर जेवून शिकली आणि शिकता शिकता संपादक झाली. आज आपण जे चार कागद छापतो त्यांचं मूळ तिथं आहे. पण मासिकाच्या नावात सरस्वती आणि वसतिगृहात सगळे मुलगे. त्या काळाला मी दोष देत नाही. १९२५ मध्ये आपल्या पोरीला हायस्कूलपर्यंत कोण पोचू देत होतं? १९६१ च्या जनगणनेतसुद्धा देशातल्या अनुसूचित जातींच्या बायांत साक्षर किती, तर शंभरात सव्वातीन. सव्वातीन! १९२५ ला काय असेल ते कल्पनेनेच समजा.

मी दोष आजच्या काळाला देते. बाईचं नाव पाटीवर लावायचं आणि बाईची सोय विसरायची ही आपल्या राज्याची जुनी खोड आहे. सोलापूर विद्यापीठ २००४ ला निघालं, एका जिल्ह्यापुरतं. त्याआधी आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होतो. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव दिलं. चांगलं झालं. आता गंमत बघा. खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो. त्या योजनेचं नावही अहिल्याबाई होळकर. ती योजना आहे पाचवीपासून बारावीपर्यंत. म्हणजे अहिल्याबाईचा पास जिथं संपतो, बरोबर तिथंच अहिल्यादेवींचं विद्यापीठ सुरू होतं! मंगळवेढ्याच्या बाजूची एक पोरगी मला म्हणाली, 'ताई, बारावी झाली आणि मी एसटीला महाग झाले.' पुढच्या पासात सवलत आहे, २०२३ पासून बायांना अर्धं तिकीटही आहे. पण ज्या घरात रोजचे वीस रुपये मोजून देतात तिथं अर्धं तिकीटही भावाला आधी मिळतं. त्याला नोकरी करायची असते ना. हिला काय, नांदायचं आहे.

२०२४ मध्ये सरकारने मोठा डांगोरा पिटला, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ. आपल्या पोरींना फीची सवलत आधीपासूनच होती. मग त्या सगळ्या इंजिनियर का झाल्या नाहीत? कारण फी हा शिक्षणातला एकच खर्च आहे. बाकीचे खर्च पावतीवर येत नाहीत. खोलीभाडं, मेस, नेटपॅक, महिन्याच्या महिन्याला लागणारे पॅड, कॉलेजात पाणी नसलेला संडास, म्हणून दिवसभर पाणी न पिता बसायचं. स्वाधारचा हप्ता कधी येईल ते कुणी सांगत नाही. घरमालकाला ते चालत नाही. पोरगा मित्राच्या खोलीवर चार महिने काढतो. पोरीने कुठं काढायचे?

आकडे मात्र छान आहेत. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीत २०१४-१५ ला अनुसूचित जातीच्या मुली होत्या २१ लाख. २०२१-२२ ला झाल्या ३१ लाख ७१ हजार. एकूण अनुसूचित जातीचे विद्यार्थी ६६ लाख २३ हजार. म्हणजे जवळजवळ निम्म्या पोरी. हे आपल्या आयांनी केलं. विड्या वळून, भांडी घासून, रस्ते झाडून केलं. कुणाच्या बापाने भीक दिलेली नाही.

पण आकडा ॲडमिशनच्या दिवशी मोजतात. आत गेल्यावर काय होतं ते तो सांगत नाही. पायल तडवीही त्या आकड्यात होती. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, डॉक्टर झालेली, मुंबईत स्त्रीरोगशास्त्रात पुढचं शिक्षण घेणारी. २२ मे २०१९ ला ती गेली. वरच्या डॉक्टर मुलींनी जातीवरून छळलं, असा तिच्या आईने आरोप केला, खटला उभा राहिला. त्याच वर्षी दोन आया सुप्रीम कोर्टात गेल्या. एक पायलची आबेदा तडवी, दुसरी रोहित वेमुलाची राधिका वेमुला. मागणी काय? भेदभाव रोखायचे जे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ ला केले ते निदान पाळा. पोरं विद्यापीठाने गिळली आणि नियम वाचून दाखवायला आयांना दिल्लीला जावं लागलं. अनुभवाचं संशोधन कशाला हवं, असं विचारणाऱ्याने हे उत्तर घ्यावं. पायल जिवंत असताना तिला कुणी विचारलं असतं, 'तू इथं कशी शिकतेस?' आणि उत्तर ऐकायला कुणाला तरी भाग पाडलं असतं, तर?

हे विचारणं नवं नाही. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास, तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. शिकणाऱ्या पोरीने स्वतःचा अनुभव स्वतः लिहिला. त्याच साली जोतिरावांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. दीडशे वर्षांनी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी त्याच तृतीय रत्नाचा धागा धरून वर्गात शिकवायचं कसं याचा विचार मांडला. त्या आपल्या जातीतल्या नव्हत्या. पण दलित बायांच्या आत्मकथा त्यांनी विद्यापीठाच्या वर्गात आणल्या आणि ज्ञान म्हणून वाचायला लावल्या. जुलै २०१३ ला त्या गेल्या. आणि कुमुद पावडे. संस्कृतात एम.ए. झालेली महाराची पोर. पदवी होती, नोकरी नव्हती. जातीबाहेर लग्न झालं, आडनाव बदललं, तेव्हा दार उघडलं. १९८१ च्या 'अंतःस्फोट'मध्ये तिने हे लिहून ठेवलंय. तिची विद्वत्ता कमी पडत होती का? नाही. आडनाव कमी पडत होतं. आणि नवं आडनाव मिळालं तेही नवऱ्याचं! दुहेरी म्हणजे काय ते एका बाईच्या नोकरीच्या कागदात दिसतं.

आता आपल्या घराकडे वळू.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात 'दलित' शब्दाची व्याख्या केली. त्यात अनुसूचित जाती-जमाती होत्या, नवबौद्ध होते, कामगार, भूमिहीन होते आणि स्त्रियाही होत्या. मोठी व्याख्या. आजही तशी कुणी करत नाही. पण व्याख्येत होत्या त्या स्टेजवर किती होत्या? आजही बघा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पांढऱ्या साडीतल्या पोरी पुढच्या रांगेत. फोटो झाला, डीजे वाढला, की 'पोरींनो, घरी जा, आता गर्दी होणार.' मंडळाच्या कार्यकारिणीची यादी वाचा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सगळे मिशावाले. अभ्यासवर्ग रात्री नऊला. का? पोरं तेव्हा मोकळी असतात. मग अहवालात वाक्य, 'मुलींचा प्रतिसाद कमी.' च्यायला, रात्री नऊला कोणत्या पोरीला घरातून सोडतात? आणि न सोडणारा कोण? त्याच अभ्यासवर्गात पहिल्या रांगेत बसलेला तिचा भाऊ!

आणि बोललं की आरोप ठरलेला. 'ताई, तुम्ही फूट पाडता. आधी जात जाऊ द्या, मग बाईचं बघू.' हे वाक्य मला ओळखीचं वाटतं. काँग्रेसवाले बाबासाहेबांना सांगायचे, आधी स्वराज्य येऊ द्या, मग अस्पृश्यांचं बघू. कम्युनिस्ट आपल्या बापांना सांगायचे, आधी क्रांती, मग जात. आपण दोघांनाही ऐकलं नाही. मग आपल्या बहिणींनी तुमचं का ऐकावं? जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब तिथं म्हणाले की समाजाची प्रगती मी त्यातल्या बायांच्या प्रगतीवरून मोजतो. मोजपट्टी त्यांनी दिलेली आहे. ती लावली की फूट कशी पडते?

दुसरा आरोप. 'अमेरिकेचा पैसा, इंग्रजी पुस्तक, आपल्याला काय उपयोग?' यातलं अर्धं मला पटतं. आपल्या आया मराठीत रडल्या आणि ते छापलं इंग्रजीत. जिने सांगितलं तिला ते वाचता येणार नाही. हा विद्यापीठाच्या धंद्याचा कायदाच आहे, आणि तो मला खुपतो. पण मग मराठीत कोण लिहिणार? इंग्रजीवाल्यांनी नीट ऐकून लिहिलं. आपण घराच्या घरात राहून ऐकलं नाही. बाबासाहेबही कोलंबियात शिकले, तेव्हा अमेरिका चालली. बाईच्या वेळेलाच परदेशी कसा लागतो?

आणि खरं सांगू? पुण्या-मुंबईचं लिहून झालं. सोलापूरचं कोण लिहिणार? ज्या शहरात गिरण्या बंद झाल्यावर बाप घरी बसला आणि बायांच्या विड्यांवर पोरं शिकली, त्या शहरातल्या पोरीचं शिक्षण पुण्यातल्यासारखं असेल कसं? इथं पोरगी मराठी शाळेत, शेजार तेलुगू-कन्नड, कॉलेजात इंग्रजी. इथली पोरगी पुण्याला गेली तर तिथं तिला 'सोलापुरी' म्हणून हसतात. म्हणजे जात, बाईपण आणि वर बोली. हा तिसरा पदर कुठल्या पुस्तकात आहे? आपल्या वहीत असायला हवा. पीएच.डी.वाल्यांची वाट बघू नका. त्यांनाही बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२३ मध्ये आझाद मैदानात बसावं लागलं होतं. वही आणि पेन यांना फेलोशिप लागत नाही.

तेव्हा काम सांगते.

मिलिंदनगर, बुधवार पेठ, जिथं जिथं आपली शाखा आहे तिथं प्रत्येकाने पाच बायांना भेटायचं. पहिली घरातलीच. बहीण, वहिनी, आई. विचारायचं, तू कुठवर शिकलीस, कुणामुळे शिकलीस, आणि कुणामुळे थांबलीस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईल तेव्हा मधे बोलायचं नाही. आपलं नाव आलं तरी नाही. जसं बोलेल तसं उतरायचं, तिच्या बोलीत. नाव छापायचं की नाही ते ती ठरवेल. आणि छापण्याआधी तिलाच वाचून दाखवायचं.

अभ्यासवर्ग संध्याकाळी साडेपाचला आणा. नऊला येणाऱ्यांना साडेपाचला यायला शिकवा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कापा. तेवढ्यात विहारातल्या खोलीत पोरींसाठी वर्षभर लाईट, पंखा, नेट आणि पुस्तकं होतात. हिशोब करून बघा, मी केलाय. सोलापुरात पहिलं वसतिगृह मुलांचं झालं. आता एक मुलींचं उभं करायचं, सरकारच्या दारात बसून आणि आपल्या खिशात हात घालून. शंभर वर्षांपूर्वी चाळीस रुपये देणारी पालिका होती. आज महानगरपालिका आहे. तिच्याकडून मागू.

आणि ज्या दिवशी तुमच्या बहिणीचा पेपर असेल त्या दिवशी भाकरी तुम्ही थापा. गोल नाही झाली तरी चालेल.

शैलजा पाईकच्या फोटोला घातलेला हार एव्हाना वाळला असेल. काढून टाका. पुढच्या अंकाला पंधरा पानं रिकामी ठेवायला संपादकांना सांगितलंय. तुमच्या बहिणींनी सांगितलेलं तिथं छापायचंय. कागद घेऊन या.

जय भीम.